पाळी जाताना हार्मोन घ्यायचं की नाही, हे ठरवायचं कसं

कराडला माझं औषधांचं दुकान आहे आणि काउंटरवर मी स्वतः असते. त्यामुळे पुरुषासमोर ज्या गोष्टी निघत नाहीत, त्या बायका माझ्याशी बोलतात. गर्दी असली तर कडेला थांबतात, ओसरली की पुढे येतात. पंचेचाळिशी ते पंचावन्नच्या बायकांचा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न एकच: "डॉक्टरांनी हार्मोन लिहून दिलंय, पण त्यानं कॅन्सर होतो म्हणतात. घेऊ का नको?" बऱ्याच जणी चिठ्ठी पर्समध्ये ठेवून तशाच घरी जातात आणि पुढची कित्येक वर्षं रात्री जागून काढतात.

दुसरीकडे अशाही आहेत, ज्या मुलाच्या हाती गोळ्यांच्या पाकिटाचा कात्रीने कापलेला तुकडा पाठवतात. "आईनं सांगितलंय, हीच द्या." तुकड्यावर औषधाच्या नावाची शेवटची तीन अक्षरं आणि दोन फुटलेली भोकं. गोळी कोणी दिली, कधी दिली, शेवटचं बीपी कधी बघितलं, कशाचाच पत्ता नाही. त्या तुकड्यावर मी गोळी देत नाही. आईला फोन लावून द्यायला सांगते.

मी स्वतः पन्नाशीपासून हार्मोन घेते आहे, आणि चांगली झोपते आहे. पण माझी चिठ्ठी तुमच्या उपयोगाची नाही. तुमचं वय काय, पाळी जाऊन किती दिवस झाले, गर्भपिशवी आहे का, आणि औषध तोंडावाटे घेणार की कातडीवाटे, या चार गोष्टींवर धोका किती ते ठरतं. त्या चार गोष्टी घेऊन डॉक्टरांकडे कसं जायचं आणि औषध आणल्यावर ते कसं वापरायचं, ते सांगते.

आधी हे पाळीचंच आहे का ते बघा

सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. पण त्रास त्याआधीच सुरू होतो. पाळी मागेपुढे होते, छातीपासून डोक्यापर्यंत वाफ चढते, रात्री दोन-तीनला गाऊन भिजून जाग येते, धडधड होते, क्षुल्लक गोष्टीवरून रडू येतं, सांधे धरतात. अंगातून वाफा येण्याचा हा त्रास काही महिन्यांत संपेल म्हणून बायका सोसत राहतात, पण तो बऱ्याच जणींना सात-सात वर्षं पुरतो.

धडधड आणि घाम थायरॉइडमुळेही येतो, थकवा आणि दम रक्त कमी असल्यानेही लागतो. म्हणून टीएसएच आणि हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या. पंचेचाळिशी ओलांडली असेल आणि लक्षणं स्पष्ट असतील, तर एफएसएच नावाच्या महागड्या तपासणीची सहसा गरज नसते. त्या वयात तिचा आकडा रोज वरखाली होतो. चाळिशीच्या आत पाळी बंद झाली असेल तर मात्र ती तपासणी हवीच, आणि डॉक्टरकडे जाणं लांबवू नका. इतक्या लवकर इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात बनणारं बाईचं मुख्य हार्मोन, गेलं तर हाडं आणि हृदय दोन्हींचं नुकसान होतं. अशा बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन घ्या असाच सल्ला जगभर देतात. मोठ्या वयाच्या बायकांचे धोक्याचे आकडे तिला लावून घाबरवणं चुकीचं आहे.

त्रास थोडका असेल, झोप लागत असेल, कामं होत असतील, तर काहीच घ्यायची गरज नाही. हार्मोन हे टॉनिक नाही. हृदयविकार होऊ नये किंवा विसरभोळेपणा येऊ नये म्हणून ते सुरू करायचं नसतं.

पिशवी आहे का? आणि अंडाशयं?

या दोन प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ हवीत. त्रास कमी करतं ते इस्ट्रोजेन. पण नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भपिशवीचं आतलं अस्तर वाढत जातं आणि त्यात कॅन्सर होऊ शकतो. हे १९७५ साली अमेरिकेतल्या अभ्यासांतून पुढे आलं. तेव्हापासून पिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन देतात, ते अस्तराला आवर घालतं. पिशवी काढलेली असेल तर सहसा एकट्या इस्ट्रोजेनवर भागतं, आणि पुढे दिसेल तसं ते बरंच सुरक्षित आहे.

आपल्या भागात हा प्रश्न फार मोठा आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून जास्त जणींना विचारलं, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी तिशी-पस्तिशीतल्या. माझ्याकडे येणाऱ्या बायकाही "पिशवी काढलीय" एवढंच सांगतात. सोबत अंडाशयं काढली की ठेवली, हे विचारलं की गप्प होतात, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशयं असली तर ती इस्ट्रोजेन तयार करत राहतात. दोन्ही अंडाशयं काढली तर ते एका दिवसात बंद होतं आणि त्रास एकदम, जोरात सुरू होतो.

तेव्हा ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड ट्रंकेतून बाहेर काढा. "टीएएच" म्हणजे पोट उघडून पिशवी काढली. त्यापुढे "बीएसओ" ही अक्षरं असतील तर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशयं गेली. "यूएसओ" असेल तर एकाच बाजूची. कार्ड हरवलं असेल तर त्या दवाखान्यात नक्कल मागा. तिथे नाही मिळाली तर सोनोग्राफीत अंडाशयं दिसतात का ते डॉक्टर बघू शकतात. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मुलीलाही पाठवून ठेवा.

कॅन्सरची भीती कुठून आली

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा एक भाग अर्ध्यावर थांबवला. १६,६०८ बायका त्यात होत्या. एका गटाला दोन्ही हार्मोन, दुसऱ्याला बिनऔषधी गोळी. हार्मोनच्या गटात दर १० हजार बायकांमागे वर्षाला स्तनाचे कॅन्सर ८ ने जास्त, हृदयविकार ७ ने, पक्षाघात ८ ने आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी ८ ने जास्त आढळली. मोठ्या आतड्याचे कॅन्सर ६ ने आणि खुब्याची हाडं मोडणं ५ ने कमी. वर्तमानपत्रांत यातला धोक्याचा भागच छापून आला आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या.

त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटल्यावर, रक्तवाहिन्या टणक व्हायला लागल्यावर औषध सुरू केलेलं. औषध होतं गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि एक प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम औषध, तेही गोळीतून. पन्नाशीची बाई कातडीवर जेल लावते, त्याच्याशी याची सरळ तुलना होत नाही. त्याच अभ्यासात पिशवी काढलेल्या दहा हजारांहून जास्त बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांच्यात पक्षाघात वाढला म्हणून २००४ मध्ये तोही भाग थांबवला, पण स्तनाचा कॅन्सर वाढला नव्हता.

आता पन्नाशीतल्या बाईचा हिशोब. ब्रिटनमध्ये पन्नास ते एकोणसाठ वयाच्या १००० बायकांमागे पाच वर्षांत साधारण २३ जणींना स्तनाचा कॅन्सर होतो. दोन्ही हार्मोन घेतले तर त्यात सुमारे ४ जणींची भर पडते. लठ्ठपणाने सुमारे २४ जणींची. आपल्याकडे मूळ प्रमाण ब्रिटनपेक्षा कमी आहे. पण धोका औषध बंद केल्यावर लगेच शून्यावर येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांची एकत्र मांडणी आली. तिच्यात असं दिसलं की पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं दोन्ही हार्मोन रोज घेतले, तर पुढच्या वीस वर्षांत दर ५० जणींमागे एकीला जास्तीचा कॅन्सर होतो. नुसत्या इस्ट्रोजेनला हाच आकडा २०० जणींमागे एक. तिथे मोजलेल्या बहुतेक बायका जुनी प्रोजेस्टिन घेणाऱ्या होत्या. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनने, म्हणजे शरीरातल्यासारख्याच प्रोजेस्टेरॉनने, धोका कमी असावा असं फ्रान्समधल्या अभ्यासांत दिसतं. माझ्या डॉक्टरांनी मला तेच दिलं, ते यासाठी.

गुठळीचा धोका गोळीशी बांधलेला आहे. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवायला लागतं. जेल किंवा पॅच (कातडीला चिकटवायची पट्टी) कातडीतून सरळ रक्तात जातं, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत हा धोका वाढलेला दिसत नाही. वजन जास्त, बीपी, शुगर, पित्ताशयात खडे, अर्धशिशी, यांपैकी काही असेल तर "मला जेल चालेल का?" हे तुम्ही स्वतःहून विचारा. जेल गोळीपेक्षा महाग पडतं म्हणून पुष्कळदा चिठ्ठीवर आधी गोळीच येते.

आज जगातल्या बहुतेक संस्थांचं मत असं आहे: वय साठच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, त्रास खरोखर असेल आणि मनाई करणारं काही नसेल, तर फायदा धोक्यापेक्षा जास्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, या औषधांवरची सगळ्यांत कडक चौकटीतली बरीचशी चेतावणी काढायचं जाहीर केलं. पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेण्याबद्दलची चेतावणी मात्र तशीच ठेवली. बासष्ट-त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा सुरू करायला निघाला असाल तर दोनदा विचार करा.

कोणी घेऊ नये

स्तनाचा किंवा गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होऊन गेलेला, पायात वा फुप्फुसात गुठळी, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेला, यकृताचा चालू आजार, आटोक्यात नसलेलं बीपी, आणि कारण न कळलेला अंगावरचा रक्तस्राव. यातलं काहीही असेल तर दुकानातून औषध घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर डाग जरी दिसला तरी आधी त्याची तपासणी, मग बाकीचं. "पुन्हा पाळी आली" म्हणून खूश होऊन घरी बसू नका.

डॉक्टरांकडे जाताना

दोन आठवडे एका वहीत लिहा: दिवसातून किती वेळा वाफ आली, रात्री किती वेळा उठलात, पाळीची शेवटची तारीख. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, आणि "त्रास होतो" यापेक्षा "रात्री चारदा उठते" हे पटकन पोचतं. आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर, कोणाला गुठळी, कितव्या वर्षी, हे घरात विचारून ठेवा. चालू गोळ्यांची सगळी पाकिटं न कापता सोबत न्या, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा. बीपी, वजन, शुगर, कोलेस्टेरॉल आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) सुरुवातीलाच झालेली बरी.

योनीमार्गाचा कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, लघवीला सारखी जळजळ, हेही सांगा. नवरा सोबत आत आला म्हणून हे बोलणं राहून जातं. त्यांना बाहेर बसायला सांगण्यात काही गैर नाही. एवढाच त्रास असेल तर सगळ्या अंगाला हार्मोन नकोच. आत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम पुरतं: सुरुवातीला दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ते रक्तात फारच थोडं उतरतं आणि लॅन्सेटच्या त्या मांडणीत त्याने स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईने मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

चिठ्ठी आणि डबी

दुकानातून निघण्याआधी चिठ्ठीवर दोन नावं आहेत का बघा. पिशवी आहे आणि एकच नाव, तेही इस्ट्रोजेनचं, असं असेल तर परत जाऊन विचारा. मी अशा चिठ्ठीवर डॉक्टरांना फोन करते. दोन्ही हार्मोन एकाच गोळीत असतील, किंवा पिशवीत हार्मोनची कॉपर टीसारखी वस्तू बसवलेली असेल, तर गोष्ट वेगळी.

प्रोजेस्टेरॉन दोन पद्धतींनी देतात. पाळी अजून अधूनमधून येत असेल तर महिन्यातले बारा ते चौदा दिवस. ते थांबलं की पाळीसारखा स्राव होतो, तो अपेक्षितच आहे. पाळी जाऊन वर्ष झालं असेल तर रोज, म्हणजे स्राव होत नाही. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्री झोपतानाच घ्या, तिने गुंगी येते. सकाळी घेऊन स्कूटी चालवत ऑफिसला जाऊ नका. आणि "मला बरं वाटतंय, एवढीशी कॅप्सूल कशाला" म्हणून ती सोडून नुसतं जेल लावत राहू नका. पिशवीचं रक्षण तीच करते.

जेल अंघोळीनंतर, अंग कोरडं झाल्यावर लावा. दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला, पातळ पसरून. स्तनांवर कधीच नाही. पंप असेल तर किती दाब, ट्यूब असेल तर मोजपट्टीवर कुठपर्यंत, ते विचारून घ्या. चोळत बसू नका, पाचेक मिनिटं वाळू द्या, मगच ब्लाउज घाला. लगेच हात साबणाने धुवा. त्या जागेला तासभर पाणी किंवा क्रीम नको. नातवंडं अंगाखांद्यावर येतात, त्यांच्या कातडीला ते लागता कामा नये. मी रात्री लावते, कारण सकाळी घाईत वाळायला वेळ देत नाही.

थायरॉइडची गोळी चालू असेल आणि इस्ट्रोजेन तोंडावाटे सुरू केलं असेल, तर दोनेक महिन्यांनी टीएसएच पुन्हा करा. थायरॉइडची मात्रा वाढवावी लागू शकते. हार्मोन चालू आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत असंही नाही. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावीच लागते.

गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायची गोळी मागायला ज्या येतात, त्यांच्यात आता चाळिशी-पंचेचाळिशीच्याही असतात. ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी म्हणजे ही ट्रीटमेंट नव्हे. दिवसातून तीन गोळ्यांच्या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात तीव्र इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून वजन जास्त असेल किंवा कधी गुठळी झाली असेल तर ती धोक्याची. हार्मोन चालू असताना ती मनाने घेऊ नका. घरच्या पूजेसाठी तब्येत पणाला लावावी असं मला कधीच पटलेलं नाही.

सुरू केल्यावर

वाफा दोन ते चार आठवड्यांत कमी व्हायला लागतात, पूर्ण परिणाम कळायला तीन महिने द्या. स्तन जड होणं, मळमळ, थोडे डाग पडणं हे सुरुवातीला होतं. तीन ते सहा महिन्यांनंतरही डाग पडत राहिले, किंवा बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तर सोनोग्राफी करून अस्तर बघायला हवं.

एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, एकाएकी दम लागणं, छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, यातलं काहीही झालं तर औषध बंद आणि सरळ हॉस्पिटल. रात्र असली तरी, घरात पाहुणे असले तरी. स्तनात गाठ हाताला लागली तर आठवड्याच्या आत दाखवा. मोठं ऑपरेशन ठरलं असेल किंवा पाय प्लास्टरमध्ये असेल तर हार्मोन चालू असल्याचं तिथल्या डॉक्टरांना सांगा.

पहिली भेट तीन महिन्यांनी, पुढे दर वर्षी. मी माझी तारीख कॅलेंडरवर वाढदिवसाच्या आठवड्यात लिहून ठेवते. त्या भेटीत बीपी, स्तनांची तपासणी, आणि एक प्रश्न: अजून गरज आहे का, आणि मात्रा कमी होईल का?

ज्यांना हार्मोन चालतच नाही त्यांना वाऱ्यावर सोडलेलं नाही. व्हेन्लाफॅक्सिन, पॅरॉक्सेटिन, गॅबापेंटिन या हार्मोन नसलेल्या औषधांनी वाफा कमी होतात. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरचं औषध चालू असेल तर पॅरॉक्सेटिन टाळतात, कारण ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतं. शतावरी, सोया, जवस यांचा पुरावा वाफांसाठी फार भक्कम नाही. जवसाची चटणी जरूर खा, पण स्तनाच्या कॅन्सरनंतर त्यांचे अर्क असलेल्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नका.

बंद कधी करायचं याचं ठरलेलं वय नाही. हळूहळू मात्रा उतरवत बंद करता येतं, एकदम बंद केलं तरी अपाय नाही, पण वाफा जोराने परत येऊ शकतात. उन्हाळ्यात बंद करू नका असं मी सांगते. एप्रिलमध्ये घाम उन्हाचा की आतला हे कळत नाही. थंडी सुरू झाली की उतरवा. दोन-तीन महिने वाट बघा. झोप पुन्हा मोडायला लागली तर वही घेऊन परत डॉक्टरांकडे जा, आणि हाडांचं संरक्षणही औषधासोबत थांबतं म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करायचा का, ते त्याच भेटीत विचारून घ्या.